गाडी विका, पाटी विकू नका



येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेत शेवटून दुसरा विषय आहे : 'निर्लेखित वाहनांची विल्हेवाट'. दरसाल हा विषय असतो आणि दरसाल 'मंजूर, मंजूर' म्हणत अर्ध्या मिनिटात संपतो, कारण तोवर मागच्या रांगा जेवणाच्या मांडवाकडे सरकू लागलेल्या असतात. ऊसदर, कपाती, सभासदांची साखर यांवर आपण तास तास भांडतो. पण कारखान्याचा जुना ट्रॅक्टर नि जुनी जीप कोणाला गेली, कितीला गेली, हे विचारणारा सभासद विरळा. मीही आजवर विचारले नाही. यंदा विचारणार आहे. यंदा त्या यादीत आपली रुग्णवाहिका आहे.

आधी एक गोष्ट उघड सांगतो, म्हणजे नंतर कोणी पाठीमागे बोलायला नको. ही गाडी विकत मागणारे दोन अर्ज आले आहेत. त्यातला एक वसईजवळच्या निर्मळ गावच्या एका गृहस्थांचा आहे आणि तो माझ्यामुळे आला आहे. गृहस्थ माझ्या नात्यातले नाहीत, गोतातले नाहीत. थोरली लेक नालासोपाऱ्याला असते, तिच्याकडे गेलो असता ओळख झाली, एवढेच. त्यांना ही गाडी रुग्णांसाठी नको आहे. तिच्यात निजण्याची व स्वयंपाकाची सोय करून त्यांना मुलुख हिंडायचा आहे. दुसरा अर्ज भंगारवाल्याचा. त्याला ती वजनावर हवी. निर्मळकरांनी देऊ केलेली रक्कम भंगारवाल्याच्या दुपटीच्या वर जाते.

यावर आमच्या गटात शेतकी ऑफिसच्या ओट्यावर जे बोलणे झाले ते असे. एक वडीलधारे सभासद म्हणाले, "आवो, ज्या गाडीत माझा बाप गेला, तिच्यात आता कुनी भजी तळायची का?" दुसरे म्हणाले, "गाडी लोखंडाची हाय. जास्ती देईल त्याला द्या आन् मोकळं व्हा." तिसऱ्याने सर्वांत सोपा मार्ग सांगितला : "इकताच कशापायी? असू द्या वर्कशॉपच्या मागं. लागंल कवातरी."

मला तिघांचेही पुरते पटले नाही, म्हणून हा कागद काळा केला.

तिसऱ्याचे आधी निकालात काढतो. वर्कशॉपच्या मागे जाऊन एकदा पाहून या. तिथे 'लागंल कवातरी' म्हणून ठेवलेल्या वस्तूंचे स्मशान आहे. उभ्या गाडीसारखी महाग गाडी नाही. टायर बसतात, बॅटरी मरते, डिझेलच्या टाकीत पाणी धरते, उंदीर वायरी खातात आणि पावसाळ्यागणिक पत्रा खालून कुजत जातो. आज जिला दोन गिऱ्हाइके आहेत, तिला आणखी दोन वर्षांनी एकच राहील, ते म्हणजे भंगारवाला. आणि तोही भाव पाडून मागेल.

आता गाडीविषयी. जुन्या सभासदांना आपली पहिली रुग्णवाहिका आठवत असेल. ती मॅटॅडोर होती. पुण्याच्या बजाज टेम्पो कंपनीची ही बुटकी गाडी त्या काळी शाळा, दवाखाने, लग्नाचे वऱ्हाड, सगळीकडे चाले. आपली मॅटॅडोर शेवटी वजनावरच गेली. तिचे मागचे दार पुढे एका वस्तीवर कोंबड्यांच्या खुराड्याला लागले, आणि त्यावर आपल्या कारखान्याचे नाव व खाली 'रुग्णसेवा' अशी अक्षरे पुष्कळ वर्षे तशीच होती. जाणारे-येणारे हसत. मीही हसलो आहे. आता हसू येत नाही, त्याचे कारण पुढे येईल.

सध्याची गाडी उंच टपाची ट्रॅव्हलर. हिने काय केले ते मी सांगण्यापेक्षा तुम्हांला जास्त माहीत. सापाचे पान लागलेले, मोटारीचा शॉक बसलेले, गव्हाणीत हात गेलेला एक गडी, आणि पंचक्रोशीतली किती बाळंतपणे. गाळपाच्या दिवसांत ड्रायव्हरमामा ही गाडी नेहमी तोंड रस्त्याकडे करून, काट्याच्या अलीकडे लावीत. मी एकदा विचारले, दवाखान्याच्या दारात सावली सोडून इथे उन्हात का? म्हणाले, "तिथनं निघायचं म्हंजे यार्डातल्या ट्रॅक्टरांच्यातनं निघायचं. तेवढ्यात पेशंट जाईल." ही अक्कल कुठल्या नियमात लिहिलेली नव्हती.

म्हणून ज्यांचा बाप या गाडीत गेला त्यांचे दुःख मला समजते. पण भजी तळण्याचा प्रश्न मला तितका जड वाटत नाही. चाकावरचे घर ही काही विलायतेतून आलेली थेरं नव्हेत. आषाढीला दिंडीबरोबर जाणारा ट्रक आठवा. हौद्यात भांडी, पिठाची पोती, तंबूचे बांबू, वर ताडपत्री. मुक्कामाला चुली पेटतात आणि त्याच ट्रकखाली म्हातारी माणसे पाठ टेकतात. आपल्याच फडातल्या टोळ्या आठवा. पाथर्डी, आष्टी, पाटोद्याकडून सगळा संसार गाडीत घालून माणसे येतात आणि पाच-सहा महिने त्यावर काढतात. फरक इतकाच की ते हौसेने निघालेले नसतात. बाबा आमटे १९८५ च्या डिसेंबरात भारत जोडोसाठी कन्याकुमारीहून निघाले, तेव्हा तरुण पोरे सायकलींवर होती आणि पाठीच्या दुखण्याने बसता न येणारे बाबा गाडीत आडवे पडून देश पाहत होते.

बाहेरच्या जगातही रुग्णवाहिका आणि फिरते घर यांचे नाते जुने आहे. जर्मनीच्या फोक्सवॅगन कंपनीने १९५१ साली आपल्या डबेवजा गाडीची रुग्णवाहिका काढली, आणि त्याच सुमारास वेस्टफालिया कंपनीने तशाच गाडीत निजण्या-खाण्याचा सरंजाम बसवून दिला. सांगाडा एकच. साठ-सत्तरच्या दशकांत युरोपातली तरुण मंडळी तुर्कस्तान, इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान करीत जमिनीवरून हिंदुस्थानात येत आणि पुष्कळजण थेट गोवा गाठीत. पुणे-बंगलोर रस्त्यावर मी स्वतः असल्या गाड्या पाहिल्या आहेत. त्यात एक फिकट हिरवी होती आणि तिच्या दारावर पुसट झालेला क्रूस दिसत होता. टपावर गाद्या, आत दाढीवाले. १९७९ साली इराणात क्रांती झाली, वर्षअखेर रशियन फौजा अफगाणिस्तानात शिरल्या आणि तो रस्ता बंद पडला. आता आपल्याकडची माणसे तशी निघू लागली आहेत. महाराष्ट्र सरकारने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरणही काढले.

असो. निर्मळला काय पाहिले ते सांगतो.

गेल्या कार्तिकात लेकीने यात्रेला नेले. निर्मळ म्हणजे सोपारा ओलांडून आगाशीकडे जाताना लागणारे गाव. मोठे तळे, शंकराचार्यांची समाधी, थोड्या अंतरावर चर्च, आणि सभोवार वाड्या. कार्तिक वद्य एकादशीपासून तिथे यात्रा भरते. मुंबईची उपनगरे दाराशी येऊन ठेपली तरी केळीची झाडे अजून घरांना टेकून उभी आहेत. राजेळी केळी वाळवून त्यांची सुकेळी करतात, ती मी येताना दोन पुड्या आणली. आपल्याला जवळचे वाटेल असे एक सांगतो : या वसई भागात पूर्वी ऊसही चांगला होत असे. १८८२ च्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरात त्याची नोंद आहे. आता तिथे ऊस म्हणजे रसवंतीवर बाहेरून आलेला.

तळ्यापासून जरा लांब, एका वाडीच्या तोंडाशी एक पांढरी गाडी उभी होती. बाजूला तांबडा पट्टा. मला वाटले, यात्रेसाठी ठेवलेली रुग्णवाहिका असेल. पण मागचे दार उघडे होते आणि पायरीवर बसून एक बाई माठाची भाजी निवडीत होत्या. मी आपला चौकस. वाकून पाहिले, तर मालकांनी आत बोलावले.

काय सोय केली होती म्हणून सांगू! स्ट्रेचरच्या जागी फळ्यांचा दिवाण, त्याखाली खण, खणांत धान्याचे डबे. सलाईनची बाटली टांगायचा आकडा तसाच ठेवून त्याला कंदिलासारखा दिवा. औषधांच्या कपाटात मसाले. ड्रायव्हरच्या मागच्या खिडकीला पडदा. मालक वाडीवाले, पन्नाशी उलटलेले, फुले आणि केळी पिकवणारे. म्हणाले, "पोरं मार्गाला लागली. वाडी पुतण्या बघतो. वर्षातून दोन महिने आम्ही दोघं निघतो." कोकणपट्टीने खाली उतरून कन्याकुमारीपर्यंत जाऊन आले होते. मी विचारले, रुग्णवाहिकाच का? तर म्हणाले, तयार घरच असते ते. आत उभे राहता येते, बाजूने नि मागून दारे, फरशी धुता येते, वायरिंग नि जादा बॅटरी आधीच असते. पण डोळे उघडे ठेवून घ्यावी लागते. काट्यावर किलोमीटर कमी दिसले तरी फसू नये, कारण दवाखान्याच्या दारात इंजिन तासन् तास चालू असते. थंड इंजिनाला एकदम पिटाळलेले असते. मागचे पाटे बसलेले असतात, आणि धुवून धुवून फरशीखालचा पत्रा सडलेला असतो. आमच्या वर्कशॉपच्या फोरमननेसुद्धा मला इतके कधी सांगितले नव्हते.

त्यांनी आणखी एक सांगितले. सरकारच्या, महापालिकांच्या, पंचायतींच्या नि एसटीच्या ज्या गाड्यांना पंधरा वर्षे झाली, त्यांची नोंदणी १ एप्रिल २०२३ पासून पुढे वाढत नाही. त्या मोडीतच काढाव्या लागतात. म्हणून त्यांच्यासारखे गिऱ्हाईक आता ट्रस्टांकडे, खाजगी दवाखान्यांकडे आणि सहकारी संस्थांकडे वळते. आपला कारखाना सरकारी नव्हे, सभासदांचा. आपल्या गाडीचे पासिंग होऊ शकते, ती विकताही येते. तेव्हा आपल्या दारी आलेले हे गिऱ्हाईक काही मेहेरबानी करीत नाही, आणि आपणही त्याच्यावर करायला नको.

इथवर सगळे गोड होते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जे झाले त्यामुळे मी लिहायला बसलो.

यात्रेतल्या गर्दीत एक वयस्क बाई चक्कर येऊन कोसळल्या. भोवती रिंगण झाले. कोणीतरी ओरडले, "गाडी आहे, गाडी आहे, तिकडे वाडीजवळ उभी आहे!" दोन पोरांनी बाईंना उचलले आणि धावत या गाडीपाशी आणले. दार ठोठावले. दार उघडले, तर आत शेगडीवर चहाचे आधण आणि दिवाणावर मालकांचा नातू झोपलेला. त्या पोरांचे चेहरे मला अजून दिसतात. एकाने तर चिडून विचारले, "काका, मग वर लिहिलंय कशाला?"

लिहिलेले होतेच. मालकांनी पांढरा रंग मारून घेतला होता, पण एक हात. बाजूची अक्षरे खालून उठून दिसत होती. बॉनेटवरची उलटी अक्षरे, जी पुढच्या ड्रायव्हरला आरशात सुलटी दिसतात, ती तर जशीच्या तशी. टपावरचा दिवा चालत नसला तरी जागेवर होता. ज्या संस्थेने ही गाडी विकली होती तिने काही म्हणता काही उतरवून घेतले नव्हते. संस्थेचे नाव मी लिहीत नाही. लिहून उपयोगही नाही.

आणि खरी गोम पुढेच आहे. 'गाडी मिळाली' असे सगळ्यांना वाटले, म्हणून त्या दहा-बारा मिनिटांत १०८ ला फोन कोणीच केला नाही.

मालक माणूस भला. नातवाला बायकोच्या मांडीवर दिले, बाईंना दिवाणावर आडवे केले, शेगडी विझवली आणि गाडी काढली. मी नि लेक मागे बसलो. सायरन नाही, ऑक्सिजन नाही, काही नाही. यात्रेच्या गर्दीतून वाट निघता निघेना. लोक दिव्याकडे बघत, पण आवाज नाही म्हणून हलत नसत. वसईत दवाखान्यात पोचलो. साखर उतरली होती; बाई वाचल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तो मालक पालिश पेपर घेऊन बॉनेट घासत होते. माझ्याकडे न बघताच म्हणाले, "हे मी घेतानाच करायला पाहिजे होतं." मी म्हणालो, विकणाऱ्यानेही करायला पाहिजे होते. दुपारी त्यांनीच विषय काढला की ही गाडी आता खाली बसत चालली आहे, बायकोचे गुडघे दुखतात, तिला आत सरळ उभे राहता येईल अशी उंच टपाची गाडी बघतो आहे. तुमच्याकडे कारखान्याची निघणार आहे का? मी हो म्हणालो.

आता कळेल की माझे म्हणणे दुसऱ्या सभासदापेक्षा, म्हणजे 'पैसा देईल त्याला द्या' म्हणणाऱ्यापेक्षा वेगळे का आहे. गाडी लोखंडाची आहे हे खरे. पण तिच्यावरची पाटी लोखंडाची नाही. ती पाटी बघून ट्रॅक्टरवाला उसाच्या दोन ट्रॉल्या घेऊन रस्त्याच्या कडेला उतरतो. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीने रुग्णवाहिकेला वाट न देणाऱ्याला दहा हजार रुपयांपर्यंत दंड आहे. सायरनचा तो चढउताराचा आवाज रुग्णवाहिका, आगीचा बंब अशा मोजक्या गाड्यांनाच लावता येतो. लोक पाटी बघतात आणि तिच्यावर भिस्त ठेवतात. ती भिस्त आपण गाडीबरोबर निर्मळच्या गृहस्थांना विकू शकत नाही, आणि भंगारवाल्याला तर मुळीच नाही. त्याच्याकडून ती गाडी कोणाच्या हाती जाईल आणि सायरन वाजवीत काय वाहील, हे सांगता येते का? मॅटॅडोरच्या दाराने कोंबड्या राखल्या, हे त्या मानाने फार बरे झाले.

दुसरी गोष्ट कागदांची. आपल्याकडे गाडी विकणे म्हणजे टीटी फॉर्मवर सह्या करून, पैसे मोजून, पेढा खाऊन मोकळे होणे. आरसी बुकावर नाव आपलेच राहते. 'एजंट करून घेईल' म्हणतात. फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका प्रकरणात निकाल दिला. गाडी एकाने विकली, ती पुढे हातोहात फिरली, पण नोंद मूळ मालकाच्याच नावे राहिली. अपघात झाला. न्यायालयाने भरपाईची जबाबदारी नोंदीवर ज्याचे नाव होते त्याच्यावर टाकली. गाडी केव्हाच विकली हे सांगणे चालले नाही. उद्या आपली गाडी निर्मळहून हिमाचलला गेली आणि घाटात कोणाला धडकली, तर नोटीस कारखान्याच्या पत्त्यावर येईल आणि ती भरपाई शेवटी तुमच्या-माझ्या उसाच्या बिलातूनच जाईल. वसईची नोंद एमएच-४८ कडे होते; म्हणजे आपल्या आरटीओकडून हरकत नसल्याचा दाखला लागेल. तेवढे होईस्तोवर गाडी फाटकाबाहेर जाता कामा नये. गाडीच्या आत बदल करायचे तर १९८८ च्या कायद्याचे कलम ५२ आडवे येते. नोंदणीत जे लिहिले आहे त्याच्या पलीकडचा बदल नोंदणी अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय करता येत नाही. रुग्णवाहिका म्हणून नोंदलेली गाडी घर म्हणून चालवायची तर नोंद बदलून घ्यावी लागेल. ते काम घेणाऱ्याचे. पण तो ते करणार आहे की नाही हे लेखी घेणे आपले काम. निर्मळकरांना मी हे फोनवर सांगितले. थोडे नाराज झाले, मग म्हणाले, "बरोबर आहे. पहिल्या वेळी मला कोणी सांगितलं नव्हतं."

आता पैशांचे. निविदेतून येणारी रक्कम इतर जमेत मिसळून गेली की तिचा पत्ता लागत नाही. ती वेगळी दाखवून नव्या रुग्णवाहिकेच्या खात्याला लावावी असे माझे मत आहे. काही संचालकांचे म्हणणे माझ्या कानावर आले की आता १०८ आहे, ती फुकट आहे, मग कारखान्याने स्वतःची गाडी कशाला बाळगावी? १०८ ची सेवा २०१४ साली ९३७ गाड्यांनिशी सुरू झाली आणि तिचे उपकार मोठे आहेत; मी वर तिचेच नाव घेतले. पण ती गाडी अख्ख्या भागाची. ती ग्रामीण रुग्णालयापासून निघणार, हंगामात उसाच्या वाहनांनी भरलेल्या रस्त्याने फडापर्यंत येणार आणि मग परत जाणार. ड्रायव्हरमामांनी काट्याच्या अलीकडे गाडी लावून जी मिनिटे वाचवली, ती १०८ कुठून वाचवणार?

शिवाय एक हिशेब आपण कधी मांडत नाही. १९४८ च्या कारखाने कायद्यात पाचशेहून अधिक कामगार असलेल्या कारखान्याला प्रथमोपचाराची सुसज्ज खोली सक्तीची केली होती. आपला दवाखाना नि आपली पहिली गाडी त्यापाठोपाठ आली. पण कायदा मोजत होता तो गेटच्या आतला कामगार. फडात कोयता चालवणारी टोळी मुकादमाची. ती आपल्या हजेरीपटावर कधीच नव्हती. तरीही आपल्या गाडीने सर्वांत जास्त फेऱ्या मारल्या त्या कोप्यांकडे. पहाटेच्या अंधारात मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढणारी, दिवस भरत आलेली बाई तुम्ही पाहिली नाही असे मला सांगू नका. ऊस तुमचा-माझा आहे. ज्यांचा बाप या गाडीत गेला त्या आमच्या वडीलधाऱ्या सभासदाला मी एवढेच म्हणालो की, जुनी गाडी जपून ठेवल्याने ती बाई दवाखान्यात पोचत नाही. त्यावर ते काही बोलले नाहीत. पानाचा डबा पुढे केला.

तेव्हा सभेत मी जी सूचना मांडणार आहे ती अशी, आणि अनुमोदनाला कोणी उभे राहील अशी आशा आहे. गाडीची विक्री जाहीर निविदेने व्हावी. माझ्या ओळखीच्या अर्जदाराने इतरांसारखीच अनामत भरावी आणि त्याच्यापेक्षा कोणी जास्त दिले तर त्याला मिळावी. गाडी फाटकाबाहेर पडण्याआधी सायरन, टपावरचा दिवा, स्ट्रेचर, ऑक्सिजनची नळकांडी उतरवून घ्यावीत, आतून औषध मारून धुवावी. बाजूची, मागची आणि बॉनेटवरची उलटी अक्षरे नुसती रंगवून न झाकता पत्र्यापर्यंत खरवडून काढावीत, कारखान्याच्या नावासह, आणि सबंध गाडीला पांढरा सोडून दुसरा कुठलाही रंग द्यावा. त्याचा खर्च विक्रीच्या रकमेतून जावा. नोंद दुसऱ्याच्या नावावर चढल्याचा कागद हाती आल्यावरच किल्ली द्यावी. उरलेली रक्कम नव्या गाडीसाठी, आणि ती नवी गाडी बॉयलर पेटायच्या आत दारात असावी. नसेल तर जुनी विकू नये, तोवर तिला चालती ठेवावी. हंगामात दोन ड्रायव्हर असावेत, एक दिवसाचा, एक रात्रीचा. आणि गाडी काट्याच्या अलीकडेच लागावी, तोंड रस्त्याकडे करून.

वर्कशॉपला माणसे कमी आहेत अशी सबब पुढे येईल म्हणून आताच सांगून ठेवतो. खरवडणी आणि पालिश पेपर माझा, हातही माझा. सभेनंतरच्या सोमवारी सकाळी आठ वाजता मी वर्कशॉपवर येतो. कोणाला यायचे असेल त्याने यावे.

आपला,
एक सभासद